बाळानं शू कधी केली?

परवा स्टाफरूममध्ये आमच्या एका तरुण सहकारी प्राध्यापिकेनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, मुलीला दीड महिना पूर्ण होतोय. ते जुलाबाचे तोंडातले थेंब द्यायचेत. पण सासूबाई म्हणतात, कशाला? शेजारच्या मुलाला दिले होते, तरी त्याला जुलाब झालेच. काय करू?" मी शिकवते मराठी. संत साहित्यावर कुणी काही विचारलं तर पाऊण तास बोलेन, पण हा प्रश्न माझ्याकडे यायचं कारण वेगळं. आमच्या घरी घडलेली गोष्ट तिला अर्धीमुर्धी ठाऊक होती. मी तोंड उघडणार तोच तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेलं. ते आज इथं देते. असे प्रश्न पडणाऱ्या सुना आणि असं म्हणणाऱ्या सासूबाई या पानाच्या वाचकांत पुष्कळ असणार.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, मराठी. सासर बैलहोंगल तालुक्यातलं, घरात कन्नड. लग्नाला वीस वर्षं होत आली तरी माझं कन्नड अजून पाहुण्यासारखं, उंबऱ्यावर घुटमळणारं. हे सांगायचं कारण पुढे येईलच.

२०१९ ची संक्रांत. दरवर्षीप्रमाणे आम्ही सगळे भोगीला गावी जमलो होतो. तीळ लावलेली सज्जी रोट्टी, भोगीची भाजी, लोणी, शेंगांची चटणी. जावेचा मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा, या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होता. त्याच रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. अंगात थोडा तापही होता. पहाट व्हायच्या आत जुलाब. जुलाब तरी कसले, निव्वळ पाणी.

सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. अव्वा म्हणाल्या, "हल्लु बराकत्तावु." दात येताहेत. चुलत सासूबाई म्हणाल्या, "दृष्टि आगेती." मीठमिरच्यांनी दृष्ट काढून झाली. माझ्या माहेरी तरी काय वेगळं बोलले असते? भाषा बदलली, म्हणून समजूत बदलत नाही. मग हळूच तिसरं कारण निघालं, जे प्रत्येक घरात निघतं. बाटली नीट उकळली नव्हती का? स्वयंपाकघरातल्या सगळ्या नजरा जावेकडे वळल्या. ती बिचारी रात्रभर जागी, खांद्यावर मूल, आणि डोळ्यांत पाणी.

त्यानंतर निघालेलं फर्मान सगळ्यात महत्त्वाचं. आज याला पाणी घालू नका, दूधही तोडा. वरून पाणी घातलं की खालून पाणीच जाणार. पोटाला आराम पडू दे. ऐकताना किती पटतं बघा! नळ गळत असेल तर आपण टाकीचा कॉक बंद करतो, तसंच हे. मी तिथं बसले होते. हे चूक आहे, असं मला कुठंतरी वाचल्याचं आठवत होतं. पण थोरल्या बायका बोलत होत्या, मी त्या घरची सून आणि माझं कन्नड लंगडं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

दुपारी आमच्या यांनी तालुक्याच्या मेडिकल दुकानातून दोन खोकी आणली. वर सफरचंदाचं चित्र आणि ठळक अक्षरांत 'ओआरएस'. आम्हाला केवढा धीर आला. बाळानं ते गोड पाणी आवडीनं घेतलं, आणि तासाभरात जुलाब दुपटीनं वाढले. संध्याकाळी मात्र त्याचं रडणं थांबलं. खांद्यावर मान टाकून पडून राहिलं. "शांत झालं बघ," कुणीतरी म्हणालं, आणि घरात सगळ्यांना बरं वाटलं.

मला बरं वाटलं नाही. असं शांत झालेलं मूल मी एकदा पाहिलं होतं.

१९८६ चा पौष. मी पाच वर्षांची होते आणि माझा धाकटा भाऊ अकरा महिन्यांचा. त्याला उलट्या-जुलाब लागले. दात, दृष्ट, दूध तोडणं, सगळं याच क्रमानं झालं. आई पदरानं त्याचे ओठ पुसत होती. ओठ कोरडे होते, तरी पुसत होती. एवढंच मला आठवतं. दुसऱ्या दिवशी तो शांत झाला, आणि तिसऱ्या दिवशी घरात नव्हता. त्याला कसला संसर्ग झाला होता, हे कुणी तपासलं नाही. तेव्हा तपासतंय कोण?

मी यांना म्हटलं, गाडी काढा. विचारत बसू नका.

बेळगावला पोहोचेपर्यंत रात्र झाली. बालरोगतज्ज्ञांनी किती जुलाब झाले हे विचारलंच नाही. ते आम्ही तोंडपाठ करून गेलो होतो. अकरा. त्यांनी विचारलं, "बाळानं शू कधी केली?" आम्ही पाच मोठी माणसं उभी होतो. त्यात दोन पदवीधर, एक एम.ए. आणि एक बँकेतले अधिकारी. कुणालाच सांगता येईना. डायपर दिवसभर ओलाच होता ना! पण पातळ जुलाब आणि लघवी डायपरमध्ये वेगळी कळतच नाही. डॉक्टरांनी पोटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. घडी तशीच राहिली आणि मग सावकाश खाली बसली. डोळे खोल गेले होते. तोंड उघडून त्यांनी जिभेला बोट लावलं, तर ती कोरडी. लगेच सलाईन लावलं. विष्ठा तपासायला गेली आणि तासाभरात निदान आलं. रोटाव्हायरस.

अव्वांनी दारातूनच विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, रोटा. त्या दचकल्या. "रोट्टी? रोट्टी यार कोट्टरु?" रोट्टी दिली कुणी याला? त्या रात्रीत आम्ही पहिल्यांदा हसलो. मी भाषेची माणूस, त्यामुळे पुढे हा शब्द शोधून काढल्याशिवाय राहवलं नाही. रोटा हा लॅटिन शब्द, अर्थ चाक. आपला 'रथ' त्याच कुळातला. सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू आरे असलेल्या चाकासारखा दिसतो, म्हणून हे नाव. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याच्या नमुन्यांत तो पाहिला. त्याआधी लहान मुलांच्या बहुतेक जुलाबांचं कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. दात येताहेत म्हणणाऱ्या आज्या तेव्हा काही फार मागासलेल्या नव्हत्या म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी राउंडला आल्यावर डॉक्टरांनी सगळ्यात आधी जावेच्या मनावरचं ओझं उतरवलं. हा विषाणू स्वच्छ घरातही येतो, ते म्हणाले. आजारी मुलाच्या विष्ठेतून तो हातावर, खेळण्यांवर, दाराच्या कडीवर जातो आणि तिथं बरेच दिवस तग धरतो. शंभराहून कमी विषाणू पोटात गेले तरी पुरतात. हात धुवायचेच, बाटलीपेक्षा वाटी-चमचा बराच, पण पाच वर्षांच्या आत जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत त्याचा जोर जास्त. सहा महिने ते दोन वर्षं हे वय सगळ्यात नाजूक, आणि दातही नेमके त्याच वयात येतात! बिचाऱ्या दातांवर आळ कसा आला, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आतड्याला आतून टर्किशच्या टॉवेलसारखी बारीक लव असते, आणि अन्नपाणी शोषायचं काम तिचं. हा विषाणू त्या लवेच्या टोकाच्या पेशी मारतो. म्हणून पाणी शोषलं जात नाही, उलट अंगातलं पाणी आणि क्षार बाहेर पडतात. नवी लव उगवायला काही दिवस लागतात. तोवर, म्हणजे साधारण तीन ते आठ दिवस, जुलाब होणारच. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. जुलाब 'बांधणारी' मोठ्यांची गोळी लहान मुलाला तर धोक्याचीच. म्हणजे 'जुलाब कधी थांबणार?' या प्रश्नाला फारसं उत्तरच नाही. मूल दगावतं ते अंगातलं पाणी संपल्यामुळे, आणि पाणी पुरतंय की नाही याची खूण म्हणजे लघवी. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न तो होता.

आता नळ आणि टाकीचं बघू. टाकीचा कॉक बंद केला तरी हा नळ गळायचा थांबत नाही. तो टाकी रिकामी करतो. पण एवढ्या पडझडीतही आतड्याचं एक दार उघडं राहतं. साखर आणि मीठ ठराविक प्रमाणात एकत्र आलं की ती जोडी त्या दारातून आत शिरते आणि मागोमाग पाणी ओढून नेते. नुसतं पाणी दिलं तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत. साखर जास्त झाली तर ती न शोषता आतड्यातच राहते आणि अंगातलंच पाणी उलट बाहेर खेचते. आमच्या सफरचंदाच्या खोक्यानं नेमकं हेच केलं होतं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अशा गोड पेयांवरच्या 'ओआरएस' या अक्षरांविरुद्ध वर्षानुवर्षं भांडत होत्या. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ती अक्षरं अशा पेयांवर वापरायला बंदी केली. तरीही खोक्याचं चित्र बघून घेऊ नका. एक लिटरच्या खऱ्या पाकिटात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. पाकिटाच्या पाठीवर हे छापलेलं असतं. वाचायला चष्मा लागतो, पण वाचावं.

या मीठ-साखरेच्या पाण्याची परीक्षा झाली ती १९७१ मध्ये. बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या छावणीत आले होते आणि तिथं कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरून ठेवलं, आणि नातेवाइकांनाच म्हणाले, पाजत राहा. शंभरातले तीस दगावत होते, ते प्रमाण चाराच्याही खाली आलं. पाजणारे नर्स-डॉक्टर नव्हते, आया आणि भाऊ होते. २०२२ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव मी, एम.ए. झालेली बाई, त्या २०१९ च्या जानेवारीपर्यंत ऐकलंही नव्हतं.

डॉक्टरांनी जावेला पाणी पाजायचं कसं ते करून दाखवलं. माझ्या मते सगळ्या आजारपणातला हाच मोठा धडा. चमच्या-चमच्यानं, घाई न करता. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा आणखी सावकाश सुरू करायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धी ते एक चहाची वाटी. पूर्ण पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात एकदम घालायचं. छोटं पाकीट २०० मिलिलिटरचं असतं आणि मोठं लिटरचं, तिथं गफलत करायची नाही. अर्धं आज, अर्धं उद्या असं करायचं नाही, वर साखर घालायची नाही, आणि कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचं. अंगावरचं दूध तोडायचं नाही. खाणाऱ्या मुलाला मऊ खिचडी, दहीभात, पेज. पेजेला अव्वा गंजी म्हणतात, आणि ती त्यांच्याइतकी चांगली कुणाला जमत नाही. तेव्हा 'पोटाला आराम'वाल्या अव्वांनाच डॉक्टरांनी गंजीच्या कामाला लावलं, हे शहाणपणाचं झालं. शिवाय जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस, सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी त्या पूर्ण करायच्या. पाकिटं आणि या गोळ्या आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

पण मूल मलूल पडलं, पिऊ शकत नसेल, प्यालेलं सगळं उलटून पडत असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी चमचा हलवत बसू नये. तडक दवाखाना गाठावा. आमच्या बाळाला दोन दिवस सलाईनवर राहावं लागलं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यानं जावेच्या साडीवर शू केली, आणि अख्ख्या वॉर्डात ती बातमी पेढे वाटल्यासारखी फिरली.

आता थेंबांविषयी. या लसीची गोष्ट मला फार आवडते. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात बाळांच्या वॉर्डात एक विचित्र गोष्ट दिसली. बाळांच्या विष्ठेत रोटाव्हायरस होता, पण जुलाब नव्हते. आणि त्या बाळांना पुढेही या विषाणूचा जोराचा त्रास होईना. तोच निरुपद्रवी विषाणू जपून, वाढवून, हैदराबादच्या भारत बायोटेकनं रोटाव्हॅक ही लस केली. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू इथल्या ६,७९९ तान्ह्या मुलांवर तिची मोठी चाचणी झाली. २०१४ मध्ये परवाना मिळाला, २०१६ मध्ये चार राज्यांच्या सरकारी लसीकरणात ती आली, आणि २०१९ मध्ये रोटाची लस देशभर पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही दुसरी. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे देतात, सुई नाही. आमच्या बाळाचं वय नेमकं थोडं आधीचं होतं. त्याच्या पाठची बहीण २०२१ मध्ये झाली, तिला तिन्ही वेळा मिळाली.

आणि तिलाही जुलाब झाले! अव्वा मला म्हणाल्या, मग उपयोग काय झाला? माझ्या सहकारी मैत्रिणीच्या सासूबाईंचा प्रश्न हाच. त्यांचं काही चुकत नाही. त्या चाचणीत पहिल्या वर्षी तीव्र रोटा-जुलाबाचं प्रमाण ५६ टक्क्यांनी कमी झालं होतं. शंभर टक्क्यांनी नव्हे. शिवाय जुलाब करणारे इतर जंतू ढीगभर, त्यांच्यावर ही लस काहीच करत नाही. निसर्गातही रोटाची पहिली गाठ जोराची असते आणि पुढच्या सौम्य होत जातात. ती पहिली गाठ थेंबांनी आधीच, गुपचूप घालून द्यायची, एवढाच या लसीचा उद्देश. आमची मुलगी दोन दिवस जुलाब करत खेळत होती. तिच्या भावाला दोन दिवस सलाईन लागलं. एका घरातल्या दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण देशाचे आकडे बघा. लस येण्यापूर्वी आपल्याकडे या एका विषाणूनं वर्षाला पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुलं जात होती, असा अंदाज आहे. अमेरिकेत त्यांची लस येण्यापूर्वी जात होती वीस ते साठ. विषाणू तोच, तिथंही प्रत्येक मुलाला गाठणारा. फरक होता तो वेळेवर पाणी मिळण्याचा. म्हणून लस घ्या आणि पाकीटही घरात ठेवा.

लसीबद्दल एक शंका खरी आहे, ती लपवू नये. १९९९ मध्ये अमेरिकेत एक जुनी रोटा-लस मागे घ्यावी लागली होती, कारण क्वचित काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकत होता. आपल्याकडे लस सुरू झाल्यावर यावर मुद्दाम लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा रोटाव्हॅकमुळे हे प्रमाण वाढल्याचं आढळलं नाही. तरी बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळत असेल आणि शौचात रक्त असेल, तर लस घेतलेली असो वा नसो, त्याला लगेच दाखवावं.

आता अव्वांच्या गल्लीत कुणाचं मूल आजारी पडलं की त्या आधी विचारतात, "कूसु उच्ची यावाग माडेती?" डॉक्टरांचाच प्रश्न, पण त्यांच्या तोंडी जास्त दरारा.

बाळ घरी आल्यावर मी खानापूरला आईकडे गेले होते. सगळं सविस्तर सांगितलं. पाकीट पर्समध्ये होतं, ते तिला दाखवलं. तिनं उलटसुलट करून पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "आपल्या वेळी हे होतं का गं?" माझ्या डोक्यात बनगावचं ते १९७१ साल होतं. मी म्हटलं, "आपल्या गावात नव्हतं, आई."

ते पाकीट तिनं परत दिलं नाही. चहा-साखरेच्या डब्यांमागे ठेवून दिलं. आता त्या घरात लहान मूल कुणी नाही, पण तिथं दोन पाकिटं नेहमी असतात. मी गेले की त्यांच्यावरची तारीख बघते आणि संपत आली असेल तर नवी ठेवून येते.